उघाडीच्या अलीकडे

खारेगावच्या पुलाखालून डावीकडे वळलं
की टॉवरच्या कुंपणापाशी डांबर संपतं
आणि पदीबाई केणींचा वाल सुरू होतो.
अडीच गुंठे.
त्यापुढे बांध, बांधापुढे तिवरं, खाडी.
उघाडीची लोखंडी झडप दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भंगारात विकली.
तेव्हापासून उधाण विचारून येत नाही.

मी माती तपासते. पगारी काम.
एक भाग माती, दोन भाग शुद्ध पाणी,
ढवळायचं, थांबायचं, इलेक्ट्रोड बुडवायचा.
पदीबाई थांबत नाहीत.
चिमूट उचलून जिभेवर ठेवतात, थुंकतात.
"तुजी मशीन काय बोलते?"
"दोनच्या वर."
"माजी जीब बोलते, वाल रुसलाय."

खुरप्यानं एक रोप सैल केलं,
बादलीत मूळ खंगाळलं.
गाठी हव्यात इथे, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, झुबक्यानं,
नखानं फोडली की आत गुलाबी,
आपल्या रक्ताच्या नात्यातला रंग.
सहा निघाल्या. पुन्हा मोजल्या, सहाच.
मोहरीएवढ्या. आतून मळकट पांढऱ्या.

पेरताना पदीबाईंनी कसर सोडली नव्हती.
कृषी केंद्रातलं संवर्धकाचं पाकीट
गुळाच्या पाण्यात कालवून,
एकेक बी काळपट माखून, सावलीत सुकवून
मगच मातीत घातलं.
कोट्यवधी जीव उतरले होते त्या दिवशी
या अडीच गुंठ्यांत.

मेले का सगळे?
नाही. हे कळायला मला वर्षं लागली.
जिवाणू मिठात तग धरतात, बऱ्यापैकी.
मोडतं ते बोलणं.
मूळ मातीत काहीतरी पाझरवतं,
त्या वासावर जिवाणू जवळ येतो, उत्तर देतो,
मग मुळाचा केस
बोट मुडपावं तसा वळतो
आणि त्याला मुठीत घेतो.
खारात केस वळत नाही.
सरळ राहतो, ताठ,
ओळख दाखवायची राहून गेलेल्या माणसासारखा.

नत्र आहेच की हवेत.
टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आहे,
पुलावरच्या ट्रकांच्या धुरात आहे,
मी आत्ता घेतला त्या श्वासात सगळ्यात जास्त तोच आहे.
आणि पानं पिवळी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
यांनी खाल्ला तो गूळ होता,
मिठानं जागू दिलं नाही.

ऊन चढलं.
ऊन चढतं तसं खालचं मीठही चढतं,
दुपारपर्यंत ढेकळांच्या कडांना पांढरी रेघ.
मी अहवालाचे रकाने भरले.
शिफारस: गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढणे, चर, नवी झडप.
झडप कोण बसवणार, हा रकाना नसतो.

"कोपऱ्यातला एक बगून जा गो."

कुंपणाशी टॉवरची पाइपलाइन जिथे जोडलीय
तो जोड गळतो.
थेंब. थेंब. मग बराच वेळ काही नाही.
सोसायटीच्या सेक्रेटरीनं तीनदा तक्रार केलीय म्हणे.
त्याच्याखाली एकच रोप, काळंहिरवं,
जाळीच्या दोन भोकांतून पलीकडे
पार्किंगमध्ये डोकावणारं.
उपटायचा जीव होईना.
बाजूनं बोटांनी उकरलं, एक मूळ तेवढं उघडं केलं.
गाठी.
नखानं एक फोडली.

पदीबाईंना जवळचं दिसत नाही.
मी बोट पुढे केलं, नखाच्या कडेला गुलाबी ओल.
त्यांनी बोट धरलं आणि सरळ जिभेला लावलं.
"गोड?" मी विचारलं.
"गोड नाय. खारट नाय, यवरंच."

मग दोघींनी मिळून मूळ झाकलं,
माती हातानं दाबली.

प्लंबर सोमवारी येणार आहे.